वेळ अमावास्येला तिच्या खुर्चीत

मी एका बाईचं काम एका वाक्यात घालवलं. वाक्य फोनवर बोलले आणि बोलताना मला अजिबात अवघड वाटलं नाही. म्हणून ते लिहून ठेवते आहे.

नवी पेठेत एका कापडाच्या दुकानाशेजारून जिना वर येतो. वर डाव्या हाताला माझं टायपिंगचं दुकान. दोन कम्प्युटर, एक प्रिंटर आणि गिऱ्हाइकांसाठी एक बाकडं. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, लग्नाचे बायोडाटा असली कामं. माझा कम्प्युटर आत, प्रिंटरजवळ. दुसरा दाराशी, काउंटरला लागून. त्यावर ती बसायची.

ती तिशीतली. अक्कलकोटजवळच्या मैंदर्गीची सून. मराठी आणि कानडी दोन्ही न बघता टाईप करते, त्यामुळे अक्कलकोटकडची गिऱ्हाइकं तिचं नाव घेत वर येत. नवरा इथे टॉवेलच्या कारखान्यात, दोघं खोली घेऊन राहायची. सासू मैंदर्गीला, शेतावर. सुनेने बाहेर काम करावं की नाही हे सासूच्या हातात होतं आणि तिने होकार देण्याआधी दुकान पाहायचं ठरवलं. नऊवारी सावरत जिना चढून आली, बाकड्यावर बसली आणि चहा येईपर्यंत सगळी खोली नजरेखालून घातली.

"बाप्ये लई येतात व्हय हितं?"

"गिऱ्हाईक आहेत मावशी, येणारच. काम करणाऱ्या मात्र बायकाच. मी आणि ही."

"कम्प्युटरमदी कायबी दिसतंय म्हनत्यात."

"दाखवलं तर दिसतं. माझ्या डोळ्यासमोर बसणार आहे ती."

"मग तुमच्या भरवशावर सोडते की. तुमी सांगाल ते खरं."

तुमी सांगाल ते खरं. हे तिने चहाच्या कपावरून सहज म्हटलं होतं. मलाही तेव्हा त्याचं काही विशेष वाटलं नाही.

चार वर्षं ती बसली. चार वर्षांत तिच्या कामात मला दहा चुका सापडल्या नसतील. सासूचा महिन्या-दोन महिन्यांनी मला फोन यायचा, "नीट हाय नव्हं?" आणि मी म्हणायचे, "एकदम नीट."

जानेवारीत तिच्या स्क्रीनवर चौकटी यायला लागल्या. खाली उजव्या कोपऱ्यात एक चौकट सरकत वर यायची. कधी पत्त्यांचा डाव, कधी 'तुमच्या कम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले', आणि कधी कमी कपड्यांतली बाई आणि खाली, 'तुमच्या शहरातल्या महिला तुमच्याशी बोलू इच्छितात'. अर्जाचं पान उघडलं की शेजारी दुसरंच पान आपोआप उघडायचं. ती बंद करायची, पुन्हा यायचं. मी आतून बघत होते. गिऱ्हाइकांच्या गर्दीत दोनदा बघून न बघितल्यासारखं केलं. तिसऱ्यांदा विचारलं.

"हे काय उघडतेस?"

"मी काय उघडलं न्हाय, ताई. आपोआप येतंय."

"आपोआप काही येत नाही. कुणीतरी उघडल्याशिवाय कम्प्युटरला कळत नाही काय दाखवायचं."

"मला म्हायती न्हाय, ताई. खरंच."

मी कामाला लागले, पण विश्वास ठेवला नव्हता. माझा कम्प्युटर स्वच्छ होता. त्याच वायरने नेट येत होतं, तेच दुकान, तीच पानं. मग घाण तिच्याच कम्प्युटरवर का? माझं गणित सोपं होतं. दुपारी मी जेवायला घरी जायचे, तेव्हा तासभर ती एकटी असायची. त्या तासात काय बघत असेल, हे मी माझ्या मनाने भरलं.

मग एका शनिवारी एक बाप आणि त्याची लेक आली. मुलीचा बायोडाटा करायचा होता. वडील टोपी घातलेले, शांत गृहस्थ. मुलगी शिक्षिका. ती दोघं काउंटरच्या पलीकडून वाकून स्क्रीनकडे बघत होती, कारण वडिलांना प्रत्येक ओळ वाचून घ्यायची होती. 'रंग: गोरा' लिहू नका, असं मुलगी म्हणत होती आणि वडील हसत होते. तेवढ्यात कोपऱ्यातून ती कमी कपड्यांतली बाई वर सरकली. मोठी. कम्प्युटरमधून एक लाडिक आवाजही आला.

वडिलांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग टाईप करणाऱ्या तिच्याकडे. मग मुलीचा दंड धरला.

"चल. दुसरीकडं करू."

"काका, थांबा की, हे आपोआप..." ती उठून उभी राहिली होती.

"असू दे, बाई. तुझं चालू दे."

ते गेले. जिन्यावरून त्यांच्या चपलांचा आवाज खाली गेला. मग मी बोलले. काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. शेवट असा होता: "घरी गेल्यावर नवऱ्याच्या मोबाईलवर बघ काय बघायचं ते. माझ्या दुकानात नको." ती रडली नाही. तिने अर्धा टाईप झालेला बायोडाटा सेव्ह केला, फाईलला त्या मुलीचं नाव दिलं, कीबोर्डवर झाकण घातलं आणि वेळ झाली तेव्हा गेली.

नेमका त्याच संध्याकाळी सासूचा फोन आला. मी पोळ्या लाटत होते, फोन खांद्याने कानाला धरला होता.

"नीट हाय नव्हं?"

मी नेहमीचं उत्तर देऊ शकले असते. दिवसभराचा राग होता, हातात लाटणं होतं. मी म्हणाले, "मावशी, जरा लक्ष ठेवा सुनेवर. कम्प्युटरवर नको ते बघते. आज गिऱ्हाइकांसमोर दिसलं."

"बरं झालं सांगितलंसा," ती म्हणाली.

एवढंच. मी पोळी तव्यावर टाकली.

सोमवारी ती आली नाही. मंगळवारी तिच्या नवऱ्याचा निरोप आला की ती सुगीपुरती गावाकडे गेली आहे, त्याच्या आईने बोलावलंय. सुगीपुरती म्हणजे किती हे मी विचारलं नाही. सुटले, असंही वाटलं. एक अवघड बोलणं टळलं.

आता दाराशी कुणीतरी बसायला हवं होतं, म्हणून मी तिच्या खुर्चीत बसू लागले. पहिल्याच दिवशी चौकट आली. मी बंद केली आणि मनात म्हटलं, तिने मागे ठेवलेली घाण. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आठवड्याने पुन्हा. तीन आठवडे मी तिच्या नावाने चौकटी बंद करत होते. मग एका दुपारी स्वतःशीच म्हटलं, ती तीन आठवडे इथे नाही. हे पाहतंय कोण?

मी यंत्रांना घाबरत नाही. प्रिंटरचा ड्रम मी स्वतः बदलते. फक्त या कामाला आधी हात घातला नव्हता, कारण उत्तर मला माहीत आहे असं वाटत होतं. त्या दिवशी शटर अर्धं खाली ओढलं आणि एक साधी गोष्ट केली. परीक्षेच्या अर्जाचं सरकारी पान दोन्ही कम्प्युटरवर एकाच वेळी उघडलं. माझ्यावर नुसतं पान. तिच्यावर त्याच पानात वर जाहिरातीची पट्टी, मधल्या शब्दांखाली हिरव्या रेघा आणि रेघेवर बाण नेला की लोन आणि औषधांच्या जाहिराती. सरकारी पान औषधं विकत नाही. म्हणजे जाहिराती पानाच्या नव्हत्या. कम्प्युटरमध्ये बसलेलं काहीतरी प्रत्येक पानावर त्या चिकटवत होतं. वर शोधण्याच्या चौकटीत लिहिलं की नेहमीच्या ठिकाणी न जाता कुठल्यातरी अनोळखी नावाच्या शोधपानावर जात होतं. ब्राउझर उघडताच येणारं पहिलं पानही बदललं होतं, आणि मी तीन आठवडे त्यावरून काम करत असून ते मला दिसलं नव्हतं.

हे कळलं तेव्हाच खरं तर माझी चूक कळायला हवी होती. कळली नाही. मी म्हटलं, म्हणजे तिने बघताना काहीतरी आत घेतलं असणार.

ब्राउझरच्या सेटिंगमध्ये गेले. नोटिफिकेशन पाठवायची परवानगी कुणाकुणाला आहे त्याची यादी असते. त्यात सहा नावं, एकही ओळखीचं नाही, नुसती अक्षरं आणि आकडे. कोपऱ्यातल्या चौकटी इथून येत होत्या. सहाही काढली. मग एक्स्टेंशनची यादी. ब्राउझरला वरून जोडलेली छोटी अवजारं असतात ती. तिथे तीन होती. एक कानडी कीबोर्डचं, तिचं. एक पानाचा फोटो काढायचं, माझ्याच सांगण्यावरून घातलेलं. तिसरं फाईल आणि फॉन्ट बदलून देणारं, आणि त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की हे अवजार तुम्ही उघडाल त्या प्रत्येक पानावरची माहिती वाचू आणि बदलू शकतं.

फॉन्ट बदलून देणारं. मला काहीतरी आठवायला लागलं आणि ते आठवू नये असंही वाटू लागलं.

डाउनलोडची यादी उघडली. त्या अवजाराची फाईल होती, शेजारी तारीख. आमच्या भिंतीवर नवीन कॅलेंडर जुन्यावरच टांगलेलं असतं, खिळा एकच आहे. नवीन उचललं, खालच्या जुन्याचं शेवटचं पान पाहिलं. त्या तारखेला अमावास्येचा काळा ठिपका होता आणि शेजारी तिच्या अक्षरात, लाल पेनाने, 'शेत'.

वेळ अमावास्या. अक्कलकोटकडची माणसं त्या दिवशी गावात राहत नाहीत. सगळं घर शेतावर जातं, कडब्याची कोप म्हणजे खोपटं उभं करतात, पूजा करतात, आंबील आणि पालेभाज्या-कडधान्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे शेतातच जेवतात. वर्षातली तिची एकच रजा ठरलेली असायची, ती हीच. महिना आधी ती कॅलेंडरवर लिहून ठेवायची. त्या दिवशी ती मैंदर्गीला शेतात होती. सासूसमोर. पन्नास माणसांत.

आणि तिच्या खुर्चीत मी होते. एकटी असले की मी तिच्याच जागी बसते, दार दिसतं म्हणून. एक निवृत्त मुख्याध्यापक आले होते. त्यांची गावावरची पुस्तिका आम्ही जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाईप केली होती. ती दुसऱ्याच्या फोनवर उघडली की नुसती चिन्हं दिसायची. त्यांना ती नव्या पद्धतीत बदलून हवी होती आणि संध्याकाळी छापखान्यात न्यायची होती. ते बाकड्यावर बसून घड्याळ बघत होते. मी फुकटचं कन्व्हर्टर शोधलं. मोठं हिरवं बटण दिसलं, दाबलं. 'पुढे जाण्यासाठी परवानगी द्या' आलं, दिली. मग पुढे, पुढे, पुढे. आधीच खुणा केलेले चौकोन होते, मी ते काढले नाहीत. वाचलेच नाहीत. त्याच काउंटरवरून मी दर आठवड्याला कुणाला ना कुणाला सांगते, वाचल्याशिवाय सही करू नका.

मजकूर काही नीट बदलला नाही. शेवटी मी हाताने पुन्हा टाईप केला आणि ते कन्व्हर्टर विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी तिने डबा आणला होता. भज्जी, उंडे आणि बाटलीत आंबील. "ताई, लई लोकं होती यंदा, तरी तुमचं बाजूला काढलं." मी खाल्लं होतं. त्याच खुर्चीशेजारी उभी राहून.

आपोआप काही येत नाही, हे मी तिला सांगितलं होतं. त्यात चूक काही नव्हतं.

उरलेलं काम अर्ध्या तासात झालं. अवजार काढलं. कंट्रोल पॅनेलमध्ये प्रोग्रॅमची यादी तारखेप्रमाणे लावली, त्याच दिवशी आत आलेले आणखी दोन निघाले, तेही काढले. पहिलं पान आणि शोध पूर्ववत केले, ब्राउझर रिसेट केला, अँटिव्हायरसने सगळं तपासलं. सरकारी पान पुन्हा उघडलं. नुसतं पान.

यानंतर मी चार दिवस काहीही केलं नाही. हे लिहायला हवं. दोनदा सासूला फोन लावला आणि घंटा वाजायच्या आत कट केला. स्वतःला सांगत राहिले की आता सुगी संपत आलीच आहे, येईल ती, आल्यावर बोलू. पाचव्या दिवशी फोन पूर्ण वाजू दिला. कुणी उचलला नाही. रविवारी मी एसटीत बसले. अक्कलकोटला गाडी बदलली.

शेत विचारत गेले. ज्वारीची काढणी चालू होती. सहा-सात बायका ओळीत वाकून धाटं मुळासकट उपटत होत्या, त्यात ती. डोक्याला नवऱ्याचा जुना शर्ट गुंडाळलेला. मला बघून सरळ झाली, पण पुढे आली नाही. सासू बांधावरून आली, "कूडरी" म्हणाली आणि बसायला पोतं सरकवलं. मी बसले नाही.

"मावशी, मी चुकीचं बोलले होते. ती घाण माझ्यामुळे आली होती. घाण आत आली त्या दिवशी ही दुकानात नव्हतीच. वेळ अमावास्या होती. ती इथे होती, तुमच्यासमोर."

सासूने मला दोनदा सांगायला लावलं. कम्प्युटरचं तिला समजलं नाही, समजून घ्यायचंही नव्हतं. वेळ अमावास्येचं मात्र लगेच समजलं. ती सुनेकडे वळून कानडीत काहीतरी म्हणाली. सुनेने मान हलवली. मग सासू माझ्याकडे बघत राहिली.

"तुमी सांगाल ते खरं, आसं मीच म्हनलं हुतं."

"हो."

"मी तिचा मोबाईल काढून घेटला. माझ्या जावेला सांगितलं. जावेनं पिठाच्या गिरणीवर सांगितलं. आता गिरणीवरच्या बायकांस्नी काय सांगू? शिकल्याली बाई आली आन् म्हनली, न्हाय वं, माझंच चुकलं?"

"हेच सांगा. मी स्वतः सांगते हवं तर. चला गिरणीवर."

"तोंडाचं कोन ऐकतंय. तुमी कागदं करता की लोकांची. कागद आना. शिक्क्याचा."

सून ओळीतच उभी होती. मी तिच्याजवळ गेले. तिने हात पाठीमागे घेतले, पण मला दिसले होते. धाटं उपटून बोटांच्या मुळाशी फोड आले होते, दोन फुटलेले. चार वर्षं मी त्या बोटांचा आवाज ऐकला होता.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"मी सांगितलं हुतं तुमाला," ती म्हणाली. "दोनदा."

आणि पुन्हा ओळीत जाऊन वाकली.

लोकांची प्रतिज्ञापत्रं मी हजारांनी टाईप केली आहेत. 'मी खाली सही करणार' इथून हात आपोआप सुरू होतो. स्वतःचं करायला बसले तेव्हा एक पान व्हायला सबंध सकाळ गेली. कन्व्हर्टर, तारीख, ती गैरहजर असल्याचं, मी घेतलेला आळ, फोन. खाली सही आणि दुकानाचा गोल शिक्का. पुढच्या रविवारी ते घेऊन पुन्हा गेले. या वेळी घरी, ओसरीवर. सासूची जाऊ मुद्दाम बोलावलेली होती, शिवाय गिरणीवरच्या दोघी. सासूला वाचता येत नाही. तिने कागद सुनेकडे दिला.

"वाच. मोट्यानं."

तिने वाचला. कुणा गिऱ्हाइकाचा मजकूर तपासून वाचावा तसा, एका सुरात, प्रत्येक विरामाला थांबत. एका ओळीवर ती अडली.

"'माझ्याकडून कदाचित अन्याय झाला.' ताई, कदाचित कशाला?"

टाईप करताना तो शब्द आला होता, मी राहू दिला होता.

"पेन हाय का?" ती म्हणाली.

मी पर्समधून पेन काढून तिच्याकडे धरलं. तिने घेतलं नाही, कागदच माझ्यापुढे धरला. मी ओसरीच्या खांबावर कागद टेकवून 'कदाचित' वर रेघ मारली आणि खाडाखोडीशेजारी छोटी सही केली, जशी आम्ही सगळ्यांना करायला लावतो. मग तिने ते वाक्य पुन्हा, पहिल्यापासून वाचलं. जाऊबाई म्हणाल्या, "आसं हाय व्हय." सासूने कागदाची घडी केली आणि ट्रंकेत ठेवला. मोबाईल त्याच ट्रंकेतून काढून सुनेच्या हातात दिला.

"जेवत न्हाय तर च्या तरी घ्या," ती मला म्हणाली. चहा घेतला. गोड होता फार.

सून पाडव्यानंतर दुकानात परत आली. येईल असं मला वाटलं नव्हतं. कारण तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पहिल्या दिवशी खुर्चीत बसल्यावर तिने आधी सेटिंग उघडली, नोटिफिकेशनची यादी पाहिली, एक्स्टेंशन पाहिली, डाउनलोड पाहिलं. माझ्यासमोर. आता रोज सकाळी हेच करते. ती दोन मिनिटं मी प्रिंटरमध्ये कागद भरत असते, भरलेले असले तरी.

त्या बापलेकांना मी शोधलं. तिने सेव्ह केलेल्या बायोडाट्यात फोन नंबर होता. वडिलांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "झालं ते झालं, बाई, लग्न ठरलं तिचं." आमची बाई त्या दिवशी उभी राहून काहीतरी सांगत होती, हे त्यांना आठवत नव्हतं.

यंदाच्या वेळ अमावास्येच्या आदल्या दिवशी तिने कीबोर्डवर झाकण घातलं आणि म्हणाली, "ताई, उद्या मी न्हाय. कम्प्युटरला पासवर्ड टाकलाय. तुमी तुमच्यावर बसा."

"बरं," मी म्हणाले.

दिवसभर गिऱ्हाईक आलं की मी आतून उठून दारापर्यंत येत होते आणि त्यांना आत नेत होते. एकाने विचारलं, "हितं बसून करा की, हा काय बंद हाय?" मी म्हणाले, "ती रजेवर आहे. तो तिचा आहे."

परवा तिने डबा आणला. आंबील होती, भज्जी होती, उंडे तीन. माझ्या टेबलावर ठेवला आणि आपल्या जागी जाऊन बसली. स्क्रीन माझ्याकडून जरा वळवली आणि पासवर्ड टाकला.